ह्यूमन फॅक्टर्स आणि यूएक्स रिसर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सुरुवातीची काही वर्षं वैद्यकीय उपकरणांच्या चाचण्यांवर, म्हणजे ह्यूमन फॅक्टर्समध्ये, घालवली आणि मग सॉफ्टवेअरच्या यूएक्स (यूजर एक्सपिरियन्स) रिसर्चकडे, म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाच्या अभ्यासाकडे, वळलो. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं मला आलटून पालटून तेच प्रश्न विचारतात. एका बाजूला वाटतं, दुसरी बाजू फक्त मुलाखती घेते. दुसऱ्या बाजूला वाटतं, पहिली बाजू फक्त खुर्च्यांची उंची मोजते. दोन्ही समज चुकीचे आहेत.

ह्यूमन फॅक्टर्स इंजिनिअरिंग म्हणजे नेमकं काय?

माणसाची नजर, कान, हात, लक्ष आणि स्मरणशक्ती यांना मर्यादा असतात, तो थकतो, घाईत असतो, हे गृहीत धरून यंत्रं, पडदे, बटणं, कामाच्या पद्धती आणि कामाच्या जागा घडवण्याचं शास्त्र. पुलाचा अभियंता विचारतो, ही तुळई किती भार सोसेल? इथं विचारतात, हे काम करणाऱ्या माणसावर किती भार पडेल, आणि तो पेलला नाही तर पुढे काय घडेल?

‘इंजिनिअरिंग’ हा शब्द शोभेसाठी लावलेला नाही. यात मोजमाप असतं. उदाहरणार्थ, लक्ष्य जितकं लहान आणि जितकं लांब, तितका तिथं बोट पोचायला वेळ जास्त. हे पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये सूत्रात बांधलं. मोबाइलवरचं बटण किती मोठं हवं यावर आज जे वाद होतात, त्यातले बरेचसे या सूत्राकडे पाहिलं तर तिथंच मिटतात.

याला मराठीत काय म्हणायचं?

‘मानवी घटक अभियांत्रिकी’ असा शब्दशः प्रतिशब्द आहे. कामावर तो उच्चारताना मी कोणाला ऐकलेलं नाही. ह्यूमन फॅक्टर्स, नाहीतर नुसतं एचएफ.

आणि एर्गोनॉमिक्स? ते वेगळं का?

व्यवहारात एकच. हा शब्द १८५७ मध्ये पोलंडच्या वॉयचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी घडवला, पण तो रुळला १९४९ नंतर ब्रिटनमध्ये. अमेरिकेत ‘ह्यूमन फॅक्टर्स’ रूढ झालं. तिथल्या संघटनेनं १९९२ मध्ये आपल्या नावात दोन्ही शब्द घेऊन वाद संपवला. एर्गोनॉमिक्स म्हणजे फक्त खुर्ची, टेबल आणि पाठदुखी, ही फर्निचरच्या जाहिरातींची देणगी.

हे सगळं सुरू कुठून झालं?

युद्धातून, विमानांच्या कॉकपिटमधून. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवर आल्यावर वैमानिक चाकंच वर घ्यायचा. विमान पोटावर आपटायचं. अहवालात कारण लिहिलं जायचं: वैमानिकाची चूक. आल्फॉन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञानं कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर फ्लॅपचं (पंखाच्या मागच्या कडेची खालीवर होणारी पट्टी) आणि चाकांचं बटण शेजारी शेजारी, आणि दिसायला हुबेहूब सारखी. उतरल्यावर फ्लॅप मिटायचे असतात. दमलेल्या माणसाचा हात एक बटण चुकायचा. ज्या विमानांत ही दोन नियंत्रणं वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पद्धतीनं बसवलेली होती, त्यांच्या वैमानिकांकडून असं होत नव्हतं. वैमानिक तर तसेच, त्याच प्रशिक्षणातून आलेले.

उपाय साधा होता. चाकांच्या नियंत्रणाच्या टोकाला रबरी चाकाच्या आकाराची मूठ, फ्लॅपच्या टोकाला पाचरीच्या आकाराची. न बघता, नुसत्या स्पर्शानं कळावं म्हणून. विमानांत ही पद्धत आजही पाळली जाते.

युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, फिट्स आणि जोन्स यांनी नियंत्रणं हाताळताना झालेल्या ४६० चुकांचे किस्से वैमानिकांकडूनच गोळा केले. त्यातल्या निम्म्या चुका एकाच जातीच्या निघाल्या: एका नियंत्रणाऐवजी दुसऱ्यालाच हात घालणं. इतकी वेगवेगळी माणसं त्याच जागी अडखळत असतील तर दोष जागेचा, हा या क्षेत्राचा पाया. आज यूएक्स रिसर्चर ‘युजर चुकत नसतो’ म्हणतो, त्याचं मूळ या कॉकपिटमध्ये आहे.

मग यूएक्स रिसर्च कधी आलं?

नाव बरंच नंतर, काम बरंच आधी. अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत जॉन कार्लिन यांच्या विभागानं टेलिफोनच्या बटणांच्या वेगवेगळ्या मांडण्या लोकांकडून वापरून घेतल्या. वरच्या ओळीत १, २, ३ असलेला कीपॅड १९६३ मध्ये बाजारात आला. कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत ७, ८, ९ असतात, फोनवर नाही, याचं मूळ त्या चाचण्यांत आहे. याला आज आपण बिनदिक्कत यूएक्स रिसर्च म्हटलं असतं. त्यांच्या दारावर पाटी ह्यूमन फॅक्टर्सची होती.

पुढे संगणक कचेरीत आणि मग घरात आले. वापरणारा आता प्रशिक्षित कर्मचारी राहिला नाही. त्याला वस्तू आवडली नाही तर तो सरळ दुसरी घेणार. तेव्हा ‘जमेल का?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘हवं आहे का?’, ‘कशासाठी हवं आहे?’, ‘मध्येच का सोडून दिलं?’ हे प्रश्न आले आणि त्यांच्याबरोबर मानववंशशास्त्रातून निरीक्षणाच्या पद्धती, बाजार संशोधनातून सर्वेक्षणं आली. मानसशास्त्रज्ञ डॉन नॉर्मन १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेले आणि पदाच्या नावातच ‘यूजर एक्सपिरियन्स’ लावलं; शब्द तिथून पसरला. हेच नॉर्मन आधी थ्री माईल आयलंडच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर तिथल्या नियंत्रण कक्षाच्या रचनेवर विचार करणाऱ्यांत होते. म्हणून मी या दोन क्षेत्रांना चुलत भावंडं म्हणत नाही. सख्खी आहेत, फक्त वेगळ्या घरांत वाढली.

फरक एका वाक्यात सांगता येईल?

यूएक्स रिसर्च बहुतेक वेळा विचारतं, ‘लोक हे वापरतील का आणि कसं?’, ह्यूमन फॅक्टर्स विचारतं, ‘वापरताना चुकलं तर कोणाला काय इजा होईल?’

एका वाक्यात भागत नाही. नीट सांगा.

एक चाचणी सांगतो. औषध ठरावीक वेगानं शिरेत सोडणारा इन्फ्युजन पंप होता, खऱ्या वॉर्डासारखी मांडलेली खोली, पलंगावर पुतळा. अनुभवी नर्सबाईंना ताशी १२.५ मिलिलिटर हा वेग लावायचा होता. हातात मोजे, एक नजर औषधाच्या चिठ्ठीवर, शेजारी दुसरा अलार्म मुद्दाम वाजवलेला. त्यांनी एक, दोन, दशांशचिन्ह, पाच असं दाबलं आणि ‘सुरू’ केलं. दशांशचिन्हाची की दबलीच नव्हती. पडद्यावर १२५.

चाचणीनंतर त्यांनी प्रश्नावली भरली. भरभरून गुण. ‘आमच्या जुन्या पंपापेक्षा कितीतरी सोपा,’ म्हणाल्या. मी विचारलं, ‘किती वेग लावलात?’ ‘साडेबारा.’ मी पंपाकडे बोट दाखवलं. त्यांनी पडदा वाचला आणि काही न बोलता हातातले मोजे काढून टेबलावर ठेवले.

त्या दिवशी समाधानाचा अहवाल लिहिला असता तर पंप उत्तम ठरला असता. आम्ही लिहिलं ते वेगळं: दहापट मात्रा, आणि वापरणाऱ्याला पत्ता नाही. मग का घडलं याचा माग. की दाबल्याचा आवाज सगळ्या कींना सारखाच, आणि अलार्मच्या गोंगाटात तोही ऐकू येत नव्हता. दशांशानंतरचा आकडा आधीच्या आकड्यांएवढाच मोठा, त्यामुळे १२.५ आणि १२५ एका कटाक्षात सारखेच दिसायचे. नेहमीच्या पट्ट्याबाहेरचा वेग लावला तरी पंप निमूट स्वीकारायचा. या तीन गोष्टी बदलता येण्याजोग्या होत्या. ‘काळजीपूर्वक वापरा’ असं पुस्तिकेत छापणं हा उपाय नव्हता, जरी बैठकीत तो सगळ्यात आधी सुचवला गेला.

अशा गोष्टी विरळ नाहीत. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएकडे २००५ ते २००९ या पाच वर्षांत इन्फ्युजन पंपांशी संबंधित सुमारे ५६,००० तक्रार अहवाल आले आणि ८७ वेळा पंप परत बोलवावे लागले. त्यातले काही दोष निव्वळ यांत्रिक किंवा सॉफ्टवेअरचे, पण पडद्याच्या आणि कीपॅडच्या रचनेचे दोषही त्यात ठळक होते.

यूएक्स रिसर्चर यातलं काही बघत नाहीत असं मी म्हणत नाही. चांगला रिसर्चर लोकांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या हातांकडेच बघतो. पण त्याच्या प्रकल्पात चुकीची किंमत बहुधा सोडून गेलेला ग्राहक असते. मग त्याचं लक्ष वारंवार होणाऱ्या अडचणींकडे जाणार, हे साहजिकच. ह्यूमन फॅक्टर्सवाल्याला शंभरात एकदा होणारी चूकही झोपू देत नाही.

पाच जणांवर चाचणी केली की पुरे, हे खरं का?

कशासाठी पुरे, त्यावर आहे. नील्सन आणि लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशोबात एक अडचण एका माणसाला सरासरी ३१ टक्के वेळा भेटते असं धरलं, तर पाच जणांत अशा सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. बांधता बांधता सुधारायचं असेल तर हा सौदा छान.

आता हाच हिशोब विरळ चुकीला लावा. शंभरात एकाकडून होणारी चूक पाच जणांच्या चाचणीत दिसण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के. पंधरा जण घेतले तरी १४ टक्के. म्हणजे चाचणीत चूक दिसली नाही याचा अर्थ चूक होत नाही असा नव्हे. म्हणूनच ह्यूमन फॅक्टर्समध्ये चाचणीच्या आधी कागदावरचं विश्लेषण इतकं चालतं: कोणत्या पायरीवर काय चुकू शकतं, चुकलं तर किती गंभीर. माणसं बोलावून जे दिसणार नाही ते आधीच डोक्यानं शोधून ठेवायचं.

टास्क ॲनालिसिस, टास्क ॲनालिसिस म्हणतात ते काय?

कामाची चिरफाड. १९६७ मध्ये ॲनेट आणि डंकन यांनी मांडलेली श्रेणीबद्ध पद्धत अजून चालते: उद्दिष्ट, त्याखाली उपउद्दिष्टं, त्याखाली कृती, आणि त्या कोणत्या क्रमानं. ‘वेग लावणं’ हे ऐकायला एक काम. उलगडलं की चिठ्ठी वाचणं, आकडा लक्षात धरणं, पंपाकडे वळणं, आकडा टाकणं, पडद्यावरचा आकडा चिठ्ठीशी ताडणं, सुरू करणं. यातली ताडण्याची पायरी यंत्र कोणाला करायला लावत नाही. पंपातली ती चूक या तक्त्यातच दिसायला हवी होती. आम्हाला चाचणीपर्यंत दिसली नाही, हे कबूल करतो.

यूएक्समधला जर्नी मॅप (वापरणाऱ्याच्या अनुभवाचा टप्प्याटप्प्यानं काढलेला तक्ता) याचाच लांबचा नातेवाईक, पण त्यात भावनांची रेघ असते आणि चुकांचा रकाना नसतो. तो रकाना जोडा. फार खर्च येत नाही.

नवख्या लोकांवर चाचणी केली तर सगळे दोष सापडतात ना?

नाही, आणि हा गैरसमज यूएक्सकडे जास्त आहे. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचे १९८५ ते १९८७ या काळात सहा अपघात नोंदले गेले. रुग्णांना प्रचंड मात्रेचे किरण लागले, काही दगावले. त्यातला एक दोष असा होता: ऑपरेटरनं उपचाराचा प्रकार चुकीचा टाकला, कर्सर वर नेऊन दुरुस्त केला आणि हे सगळं आठ सेकंदांच्या आत उरकलं, तर पडद्यावर दुरुस्ती दिसायची पण यंत्राची मांडणी जुनीच राहायची. नवख्याची बोटं इतकी वेगानं चालतच नाहीत. हात बसलेल्या माणसालाच हा दोष भेटायचा. वर पडद्यावर येई ‘मालफंक्शन ५४’, ज्याचा अर्थ ऑपरेटरच्या पुस्तिकेत नव्हता. आणि एक की दाबून पुढे जायची मुभा. यंत्र रोजच काहीबाही कुरकुर करायचं, म्हणून लोकांना तीच सवय लागली होती.

तेव्हा सराईत वापरणाऱ्यांना, त्यांच्या खऱ्या वेगात, बघाच.

अपघाताच्या अहवालात ‘मानवी चूक’ लिहितात. त्यात गैर काय?

गैर हे की तिथं तपास थांबतो. थ्री माईल आयलंड घ्या. २८ मार्च १९७९, पेनसिल्व्हेनिया. दाब सोडणारी झडप उघडली आणि मग उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला. ऑपरेटरांनी अर्थ लावला: झडप बंद झाली. खरं तर तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. बंद होण्याचा संकेत पाठवला गेला एवढंच सांगत होता. खरी परिस्थिती सुचवणारं एक मोजमाप पॅनेलच्या मागच्या बाजूला होतं. शेकडो दिवे आणि अलार्म एकदम सुरू. दोन तासांहून जास्त वेळ ती झडप उघडी राहिली आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला.

यात ऑपरेटर चुकले का? चुकले. पण ‘मी निरोप दिला’ आणि ‘निरोप पोचला’ यातला फरक त्यांच्यापासून लपवला कोणी? आज कुठल्याही ॲपमध्ये ‘पैसे पाठवले’ असं हिरव्या अक्षरांत दिसतं आणि पलीकडे पोचलेले नसतात, तेव्हा मला तो विझलेला दिवा आठवतो.

सरासरी माणूस धरून डिझाइन केलं तर काय बिघडतं?

तसा माणूस सापडत नाही. गिल्बर्ट डॅनियल्स यांनी १९५० च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाच्या ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. उंची, छाती, बाहीची लांबी अशी दहा मापं घेतली, ‘सरासरी’चा पट्टा बऱ्यापैकी सैल, मधला ३० टक्के, ठेवला. दहाही मापांत बसणारा वैमानिक: शून्य. कॉकपिटमधल्या खुर्च्या आणि पट्टे मागेपुढे सरकवता येण्याजोगे करण्यामागे हा धडा आहे.

पर्सोना, म्हणजे नमुन्यादाखल काल्पनिक वापरकर्ता, बनवणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं, असं माझं मत. ‘आपली टिपिकल युजर’ ही बाई अस्तित्वात नाही. टोकांची माणसं असतात.

एसयूएस वापरावं की नासा-टीएलएक्स?

दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. एसयूएस ही जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये बनवलेली दहा विधानांची प्रश्नावली. वस्तू वापरायला कशी वाटली ते सांगते. तिचे गुण शंभरपैकी असतात पण ते टक्के नव्हेत. ६८ च्या आसपास सरासरी समजतात, म्हणून ‘आपल्याला ७० मिळाले, फर्स्ट क्लास’ असं म्हणू नका.

नासा-टीएलएक्स १९८८ ची, हार्ट आणि स्टेव्हलँड यांची. ती कामाचा भार मोजते: मानसिक, शारीरिक, वेळेचा ताण, स्वतःची कामगिरी, श्रम, वैताग. काम नीट पार पडलं पण माणूस पिळून निघाला, हे एसयूएसमध्ये सहसा दिसत नाही आणि इथं दिसतं. आणि आमच्या नर्सबाईंची गोष्ट विसरू नका: दोन्ही प्रश्नावल्या, न कळलेली चूक पकडत नाहीत.

यासाठी काही नियम, मानकं आहेत का?

आहेत. वापरयोग्यतेची व्याख्या आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेच्या ११ व्या भागात आहे: परिणामकारकता, कार्यक्षमता, समाधान, तेही विशिष्ट माणसं, विशिष्ट काम आणि विशिष्ट परिस्थिती धरून. यूएक्सवाले आणि एचएफवाले दोघंही हीच व्याख्या सांगतात. वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी ६२३६६-१ (२०१५) हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. एफडीएच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार अंतिम चाचणीत प्रत्येक वेगळ्या वापरकर्ता गटातून किमान १५ जण हवेत. ही अंतिम चाचणी म्हणजे समेटिव्ह. तोवरच्या सुधारण्यासाठीच्या चाचण्या म्हणजे फॉर्मेटिव्ह. समेटिव्हमध्ये मदत करायची नाही, सूचना द्यायची नाही. सवय झालेल्या यूएक्स रिसर्चरची जीभ इथं फार वळवळते.

एआय आणि ऑटोमेशन आल्यावर ह्यूमन फॅक्टर्सची गरज कमी होईल ना?

उलट. लिसान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवलं की सोपी कामं यंत्राला दिली की माणसाकडे उरतात ती अवघड, आणि तीही नेमकी यंत्र हात टेकतं तेव्हा; मधल्या काळात त्याचा सराव मोडलेला असतो. वर त्याला सांगितलेलं असतं, ‘लक्ष ठेव.’ काहीही घडत नसलेल्या पडद्यावर तासन्‌तास लक्ष ठेवणं माणसाला जमत नाही.

२०१८ आणि २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्सचे दोन अपघात होऊन ३४६ जण गेले. त्यानंतर अमेरिकी तपास यंत्रणेनं बोट ठेवलं ते यावर: स्वयंचलित प्रणाली बिघडली तर वैमानिक पटकन ओळखून योग्य कृती करतील असं गृहीत धरलं होतं, पण एकाच वेळी अनेक इशारे वाजू लागल्यावर ते करतात का, हे तपासलं नव्हतं. ‘शेवटी माणूस तपासून बघेलच’ असं तुमच्या एआयच्या आराखड्यात लिहिलं असेल, तर त्या माणसाला काय दिसणार आहे आणि त्याच्याकडे किती सेकंद आहेत, तेही लिहा.

आमचं साधं ॲप आहे. इतकं सगळं लागेल का?

बहुतेक नाही. गाण्यांच्या यादीचं बटण चुकलं तर चुकलं. पण साध्या ॲपमध्येही दोन-तीन जागा अशा असतात जिथं केलेलं मागे घेता येत नाही: पैसे पाठवणं, माहिती पुसणं, खासगी गोष्ट सगळ्यांना दिसणं, औषधाची आठवण. तेवढ्या जागांना एचएफचं भिंग लावा, बाकी सोडून द्या.

यूएक्स रिसर्चरला ह्यूमन फॅक्टर्समध्ये जाता येतं का?

येतं, आणि उलटही. इकडून तिकडे जाताना शिकावं लागतं ते संवेदन आणि लक्ष यांचं मानसशास्त्र, थोडी शरीरमापं, जोखीम विश्लेषण आणि कंटाळा न करता कागदपत्रं ठेवणं. तिथं अहवाल नियामक वाचतो, स्लाइड चालत नाही. तिकडून इकडे येणाऱ्याला वेग शिकावा लागतो, आणि काय बांधायचं हेच ठरलेलं नसताना काम करणं. मला दुसरं जास्त जड गेलं. प्रोटोकॉल नसलेल्या मुलाखतीत पहिले काही महिने मी हरवल्यासारखा बसायचो.

एकाच टीममध्ये दोघं असतील तर काम कसं वाटून घ्यायचं?

वाटून घेऊ नका, एका चाचणीला दोघं बसा. एकजण माणसाशी बोलेल, दुसरा फक्त हात आणि पडदा बघेल. संध्याकाळी टिपणं शेजारी ठेवा. जिथं एकात ‘सोपं वाटलं’ आणि दुसऱ्यात ‘चुकीचा आकडा’ असं निघेल, दुसऱ्या दिवशीचं काम तिथून सुरू करा.